खालून वर वाचणारा माणूस

"सत्तावीस वर्षं आणि चार महिने," पूर्णविराम म्हणाले. "या टेबलावरून इंग्रजीची एक चूक बाहेर गेलेली नाही. एक. आणि मी इथे बसलोय तोवर जाणारही नाही."

समोर आठ नवे इंजिनियर ओळीने उभे होते. नव्या माणसांना पहिल्या दिवशी कंपनी फिरवून दाखवायची पद्धत होती. आधी कॅन्टीन, मग पंप जोडायची शेड, मग पंप बुडवून बघायची टाकी आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या मजल्यावरची ही खोली. इथवर येईतो नव्या माणसांचे पाय दुखायला लागलेले असत, आणि खोलीत खुर्ची एकच होती. तिच्यावर पूर्णविराम बसलेले असत.

"पण सर," आठांतला एक जण म्हणाला, "चूक गेली की नाही हे ठरवणार कोण? तुम्हीच ना?"

"अर्थात."

"म्हणजे चूक गेली असली तरी ती फक्त तुम्हालाच कळणार."

"आणि मला कळली असती तर मी ती जाऊ दिली असती का?"

इंजिनियर यावर विचार करायला लागला. बाकीच्या सात जणांनी त्याला धरून बाहेर नेलं तेव्हाही तो विचारच करत होता.

तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. पूर्णविरामांची फुशारकी त्यानंतर पाऊण तास टिकली.

पूर्णविराम हे त्यांना पाठीमागे म्हणायचं नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. स्वल्पविराम म्हटलं असतं तर त्यांनी तक्रार केली असती. कंपनी पाण्याचे पंप बनवायची आणि ते एकोणीस देशांत विकायची. एकोणीस देशांतले लोक एकोणीस तऱ्हांच्या इंग्रजीत पत्रं लिहायचे, आणि कंपनीतले लोक त्यांना विसाव्या तऱ्हेच्या इंग्रजीत उत्तरं द्यायचे. हे विसावं इंग्रजी जगाला दिसू नये म्हणून कंपनीने भाषा-तपासणी विभाग काढला होता. विभाग म्हणजे पूर्णविराम.

त्यांची काम करायची रीत ठरलेली होती. पत्र समोर आलं की आधी नाव-पत्त्यावर पुठ्ठ्याची एक पट्टी ठेवायची. कोणी कोणाला लिहिलंय हे कळलं की मन हलतं, हात हलतो, आणि चूक सुटते. मग पत्र खालून वर वाचायचं. शेवटचं वाक्य आधी, त्याच्या वरचं त्यानंतर, असं करत करत 'डिअर सर'पर्यंत चढायचं. वरून खाली वाचलं की अर्थ लागतो, आणि पूर्णविरामांच्या मते अर्थ ही चुकांची लपून बसायची सगळ्यात आवडती जागा होती. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकाही पत्राचा अर्थ लागू दिला नव्हता. पाचपर्यंत चुका असल्या तर ते लाल पेनने दुरुस्त करून हिरवा शिक्का मारत: योग्य. पाचाच्या वर गेल्या की लाल शिक्का: परत. साहेबाचं पत्र असो की शिपायाचा अर्ज, शिक्क्यावाचून कागद हलत नसे. नियम पूर्णविरामांनी स्वतः लिहिले होते आणि काच लावून भिंतीवर टांगले होते.

शिवाय रोज तीन ते चार खिडकी उघडायची. खिडकीवर 'शंका' अशी पाटी होती आणि खाली माणसांची रांग. गोदामातला माणूस विचारायचा, "साहेब, 'डिस्कस अबाउट' चालतं का?" पूर्णविराम म्हणायचे, "चालत नाही. लंगडतं." हिशेबातले एक जण दर महिन्याला विचारायचे, 'आय हॅव टू चिल्ड्रन' बरोबर की 'आय ऍम हॅविंग टू चिल्ड्रन'? पूर्णविराम दर महिन्याला तेच सांगायचे, "झाली असतील तर हॅव. चालू असतील तर डॉक्टरांना विचारा." ही एक तासाची खिडकी उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते घरच्यांनी लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

तर, सव्वाबाराला ते पाणी प्यायला बाहेर आले. पाण्याच्या मशीनशेजारी नोटीसबोर्ड होता आणि बोर्डासमोर दहा-बारा माणसं. ते आलेले बघून माणसं बाजूला झाली. जरा जास्तच झाली.

बोर्डावर एक इंग्रजी नोटीस होती. पूर्णविरामांनी ती पाहिली आणि ग्लास हातातच राहिला.

"वा," ते म्हणाले. "बघा, शिका. एक 'हिअरबाय' नाही, एक 'काइंडली' नाही. आणि दुसऱ्या परिच्छेदातला तो सेमिकोलन! कसा बसलाय! आजच्या काळात असा सेमिकोलन कोण टाकतं?"

"तुम्हीच टाकलाय, साहेब," मागून जावकबाई म्हणाल्या. बाहेर जाणाऱ्या कागदांवर नंबर घालायचं काम त्यांच्याकडे होतं. "गेल्या गुरुवारी. तीन दुरुस्त्या केल्यात, हिरवा शिक्का मारलात. मी नंबर घातला."

"तरीच."

"साहेब, वाचा ती."

"वाचली की. एक चूक नाही."

"तसं नाही हो. म्हणजे, काय लिहिलंय ते वाचा."

पूर्णविरामांना ही सवय नव्हती. त्यांनी ग्लास ठेवला, चष्मा पुसला आणि नोटीस वरून खाली वाचायचा प्रयत्न केला. दोनदा डोळे आपोआप तळाला गेले. तिसऱ्या खेपेला जमलं. भाषा-तपासणी विभाग येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येत होता. विभागातल्या एकमेव कर्मचाऱ्याची बदली गोदामात, खोक्यांवर 'दिस साइड अप' हे छापण्याच्या कामावर होत होती. कोणाची हरकत असेल तर त्याने ती शुक्रवारी पाच वाजेपर्यंत इंग्रजीतून, भाषा-तपासणी विभागाच्या नियमांप्रमाणे, लेखी द्यावी. सेमिकोलन होता तो बंद आणि बदलीच्या मधोमध.

"एकमेव," पूर्णविराम म्हणाले. "मूळ मसुद्यात 'ओन्ली वन सिंगल' होतं. ते मी काढलं."

पाण्याचं मशीन गुरगुरलं.

ते तडक मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब त्यांना बघून खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काय माणूस आहात!" साहेब म्हणाले. "मला तर बाबा धाकधूक होती. पत्र तुमच्याकडे पाठवायला लागणार, तुम्ही वाचणार, तुम्हाला काय वाटेल. आणि तुम्ही काय केलंत? दुरुस्त्या करून, वर शिक्का मारून धाडलंत! मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, स्वतःच्या बदलीची भाषा सुधारून देणारा माणूस मी दुसरा बघितला नाही."

"साहेब, मी ते वाचलं नव्हतं."

"शिक्का तर मारलाय."

"तपासलं होतं. वाचलं नव्हतं."

साहेबांनी हात सोडला आणि परत टेबलाला वळसा घालून खुर्चीत बसले.

"बरोबर," ते म्हणाले. "हाच तर घोळ आहे. त्या हॉटेलवाल्याचं आठवतंय?"

पूर्णविरामांना कुठलाच हॉटेलवाला आठवत नव्हता. त्यांना फक्त चुका आठवायच्या. तेव्हा साहेबांनी सांगितलं. लांबच्या एका देशात एका हॉटेलवाल्याने कंपनीचा पंप घेतला. पंप उलटा फिरत होता. तळघरातलं पाणी बाहेर काढायच्या ऐवजी तो बाहेरचं पाणी तळघरात आणत होता. त्याने पत्र लिहिलं, काय करू? इंजिनियरांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं: दोन वायरींची अदलाबदल करा. हे उत्तर पूर्णविरामांच्या टेबलावरून तीनदा परत आलं, कारण 'द' कुठे घालायचा ते इंजिनियरांना काही केल्या कळेना. अकरा दिवस गेले. मग हॉटेलवाल्याने एक संतापलेलं पत्र पाठवलं, आणि ते कोणाच्या तरी हातून चुकून तपासणीच्या ट्रेमध्ये पडलं.

"त्याचं तुम्ही काय केलंत?"

"पट्टी ठेवून तपासलं असणार," पूर्णविराम म्हणाले.

"वीसपैकी नऊ गुण देऊन त्याला परत पाठवलंत. खाली शेरा: रागावर नाही तर क्रियापदावर लक्ष द्या. त्याने ते फ्रेम करून हॉटेलच्या दारात लावलंय. वर आपल्या कंपनीचं नाव. तळघरात त्याने आता बदकं सोडलीत. लोक बघायला येतात."

पूर्णविरामांनी मनातल्या मनात गुणांची बेरीज केली. मग म्हणाले, "नऊ जरा जास्तच दिले मी."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपडे घडी करत होती. सगळं ऐकून तिने हातातला सदरा खाली ठेवला.

"स्वतःच्या नोकरीवर टाच आणणारं पत्र," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यात सेमिकोलन घातलात?"

"तिथे हवाच होता."

"लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. तुम्ही आधी धोंडा घासूनपुसून घेतलात."

"मी हरकत घेतोय. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"मग चार ओळी खरडा आणि टाका नेऊन."

पण चार ओळी खरडणं पूर्णविरामांच्या रक्तात नव्हतं. मंगळवारी त्यांनी रजा काढली आणि दिवसभर बसून तीन पानं लिहिली. बुधवारी सकाळी ती तीन पानं घेऊन ते जावकबाईंच्या टेबलापाशी गेले.

"शिक्का?" जावकबाई म्हणाल्या.

पूर्णविरामांनी खिशातून हिरवा शिक्का काढला.

"अं हं," जावकबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "नियम तीन. लिहिणारा आणि तपासणारा एकच माणूस असता कामा नये."

"तो नियम मीच केलाय, बाई."

"म्हणून तर तुम्हाला पाठ असायला हवा. दुसऱ्याने तपासलेलं आणा. इंग्रजी शिकवायचं प्रमाणपत्र असलेला कोणीही चालेल असं खाली बारीक अक्षरात तुम्हीच लिहिलंय."

"एवढ्या एका वेळेला—"

"साहेब, माझा रजेचा अर्ज तुमच्या ट्रेमध्ये पडून आहे. तीनदा लाल शिक्का बसलाय त्याच्यावर. बहिणीच्या लग्नासाठी मागितली होती मी रजा. बहिणीचा पोरगा आता चालायला लागला."

पूर्णविराम निमूट परत फिरले. इंग्रजी शिकवायचं प्रमाणपत्र असलेला माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता, आणि तो त्यांचा मेहुणा होता.

मेहुण्याला ते फाडफाड म्हणायचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा क्लास होता आणि बाहेर पाटी होती, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. पूर्णविरामांच्या मते या क्लासमधून बाहेर पडलेला माणूस इंग्रजी बोलत नसे, इंग्रजीवर हात उचलत असे. मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा पूर्णविरामांनी तिच्यावर लाल पेनने सहा दुरुस्त्या करून, आहेराच्या पाकिटात घालून, भर मांडवात ती त्याच्या हातात दिली होती. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली होती. दोन्ही घरांत त्याबद्दल कोणी बोलत नसे, पण पत्रिका मेहुण्याने जपून ठेवली होती.

"जाऊ की नको?" पूर्णविरामांनी बायकोला विचारलं.

"जा. अडला हरी..."

"पुढचं म्हणू नकोस. तुझाच भाऊ आहे."

"म्हणून तर अर्ध्यावर थांबले."

गुरुवारी संध्याकाळी ते गेले. जिन्यातच आवाज ऐकू आला. तीस माणसं एका सुरात ओरडत होती, "आय ऍम हंग्री! आय ऍम व्हेरी हंग्री! व्हेअर इज द मॅनेजर?" खालचा सायकलवाला त्या तालावर हवा भरत होता.

फाडफाडने क्लासला पाच मिनिटं आपापसात भांडायला सांगितलं, इंग्रजीत, आणि भावोजींना कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. पुढे केलेली तीन पानं त्याने वाचली. वरून खाली. ओठ हलवत. एका जागी थांबून मागे गेला, परत पुढे आला. पूर्णविरामांना ते बघवेना.

"भावोजी," फाडफाड शेवटी म्हणाला, "एक विचारू? राग मानू नका."

"चूक सापडली?"

"छे हो. माझी काय टाप आहे! नाही, मला हे विचारायचंय, की तुम्हाला पाहिजे काय?"

"म्हणजे? त्यात लिहिलंय की."

"कुठे? पहिल्या पानावर विरामचिन्हांचं महत्त्व आहे. दुसऱ्यावर 'शॅल' आणि 'विल'मधला फरक. तिसऱ्या पानावर तुम्ही त्यांच्या नोटिशीच्या भाषेची तारीफ केलीय."

"ती चांगली होती."

"असेल. पण विभाग बंद करू नका, मला गोदामात धाडू नका, असं कुठे आहे?"

पूर्णविरामांनी पानं घेतली आणि खालून वर पाहिली. मग, मेहुणा बघतोय म्हणून, वरून खाली पाहिली. दोन्ही बाजूंनी ते वाक्य नव्हतं.

मागे क्लासमधल्या दोघांची खरोखरची जुंपली होती. "यू आर व्हेरी लायर!" एक जण ओरडला. पूर्णविरामांचा खांदा जरासा उडाला, पण ते वळले नाहीत.

"इंग्रजी राहू द्या बाजूला," फाडफाड म्हणाला. "आपल्या भाषेत सांगा. काय पाहिजे?"

पूर्णविराम बराच वेळ बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"मला दुसरं काही येत नाही रे," ते म्हणाले. "तीन वाजता खिडकी उघडतो ना, तेव्हा रांग असते. चार-पाच माणसं असतात. कधी दोनच. त्यांना शंका असतात. गोदामात खोकी असतात. खोक्यांना शंका नसतात."

फाडफाड उठला. त्याने क्लासच्या वहीतलं एक पान टर्रकन फाडलं आणि उभ्या उभ्या भिंतीला टेकवून सहा ओळी लिहिल्या. लिहिताना त्याने एकदाही डोकं खाजवलं नाही. मग पान भावोजींच्या हातात दिलं.

"घ्या. मी लिहिलंय, तुम्ही तपासा. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तुमचा नियम खूश."

पत्रात असं होतं, की हा माणूस सत्तावीस वर्षं हे काम करतोय. त्याला दुसरं काही येत नाही. लोक त्याच्या खिडकीपाशी येतात आणि शहाणे होऊन जातात. त्याची खिडकी बंद करू नका. तो इथून पुढे चुका कमी काढेल.

"शेवटचं वाक्य कोणी सांगितलं?"

"ताईने. दुपारी फोन आला होता."

सहा ओळींत अकरा चुका होत्या. पूर्णविरामांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"पेन शोधताय?" फाडफाड म्हणाला. "तेही ताईने सकाळीच काढून घेतलंय."

शुक्रवारी पूर्णविराम ते पान टेबलावर ठेवून सकाळपासून बसले होते. खरं तर त्यांना पेनाची गरजच नव्हती. नियमाप्रमाणे पाचाच्या वर चुका म्हणजे लाल शिक्का, आणि लाल शिक्का समोरच होता. तीन वाजता त्यांनी खिडकी उघडली. सात माणसं आली. हिशेबातल्यांनी 'हॅविंग'बद्दल विचारलं. पूर्णविरामांनी उत्तर दिलं आणि चार वाजता खिडकी बंद करताना तिच्या कडीवर जरा वेळ हात ठेवला.

पाचाला दहा कमी असताना जावकबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, रजिस्टर बंद करायची वेळ झाली."

पूर्णविरामांनी डोळे घट्ट मिटले, हिरवा शिक्का उचलला आणि मारला. हात फिरलाच होता म्हणून ट्रेमधला जावकबाईंचा रजेचा अर्ज ओढला आणि त्याच्यावरही हिरवा मारला. मग डोळे उघडले.

जावकबाईंनी पान हातात घेतलं. "साहेब, यात 'फ्रॉम ट्वेंटी सेव्हन इयर्स' तसंच राहिलंय."

"जाऊ दे."

"काय म्हणालात?"

"जाऊ दे म्हणालो."

खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर पूर्णविराम बसले होते, म्हणून जावकबाई खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या.

शनिवार-रविवार पूर्णविरामांना जेवण गेलं नाही. बायकोने आधी विचारपूस केली, मग दुर्लक्ष केलं, मग वैतागली.

"आता काय झालं? दिलंत ना पत्र?"

"सत्तावीस वर्षांत पहिली चूक गेली. पहिल्या अकरा."

"बाहेर कुठे गेल्या? तुमच्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर. वरच्या मजल्यावर."

"टेबलावरून गेल्या ना."

"मग काय करणार? प्रायश्चित्त घेणार?"

हा शब्द त्यांना लागू पडला. रविवारी दुपारी त्यांनी ठरवलं, की सोमवारपासून दुप्पट कडक राहायचं. पाच चुकांची सवलत रद्द. तीन. तीनच्या वर एक जरी गेली, तर तिथल्या तिथे लाल. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि ते पोटभर जेवले. बायकोला वाटलं, गाडी रुळावर आली. सोमवारी सकाळी तिने पेन परत दिलं.

त्याच शनिवार-रविवारी मोठ्या साहेबांनीही सहा ओळींचं ते पत्र घरी वाचलं होतं. पहिल्या वाचनात कळलेलं कंपनीतलं हे त्यांच्या हाती आलेलं पहिलंच पत्र. त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. बायको म्हणाली, असू दे बिचारा. सोमवारी साहेबांना तीन आठवड्यांच्या दौऱ्यावर निघायचं होतं. टॅक्सी खाली उभी होती. त्यांनी घाईघाईत, उभ्यानेच, स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिलं: नोटीस रद्द, विभाग चालू राहील, खिडकी आहे तिथेच राहील, आणि कर्मचाऱ्याने चुका थोड्या कमी काढाव्यात. खाली सही केली. पण शिक्क्यावाचून साहेबाचाही कागद हलत नाही हे त्यांना पाठ होतं. म्हणून जाता जाता त्यांनी पत्र तपासणीच्या ट्रेमध्ये सरकवलं, पूर्णविरामांकडे बघून हसले आणि खाली गेले.

पूर्णविरामही हसले. साहेब नीट प्रवासाला निघालेत एवढंच त्यांना त्यातून कळलं.

जावकबाई असत्या तर त्यांनी कागद ट्रेमध्ये पडतानाच ओळखला असता. पण जावकबाई त्या दिवशी रजेवर होत्या.

त्या सोमवारी पूर्णविरामांनी एकवीस पत्रं तपासली. साहेबांचं अकरावं होतं. त्यांनी नाव-पत्त्यावर पट्टी ठेवली, सहीवर दुसरी पट्टी ठेवली आणि शेवटच्या वाक्यापासून सुरुवात केली. अक्षर गिचमीड होतं. 'कंटिन्यू' या शब्दाची मान मुरगळलेली होती. दोन जागी 'द' नव्हता आणि एका जागी नको असताना होता. सगळ्या मिळून नऊ चुका निघाल्या. मागच्या आठवड्यातली सवलत धरली असती तरी हे पत्र सुटलं नसतं, आणि आता तर तीनचा नियम होता. पूर्णविरामांनी नऊ गोल केले, लाल शिक्का मारला, खाली शेरा लिहिला आणि पत्र परतीच्या ट्रेमध्ये टाकलं. अडीच वाजता शिपायाने ते नेऊन साहेबांच्या केबिनमध्ये ठेवलं. साहेब दोनला गेले होते.

मंगळवारी जावकबाई परत आल्या. पूर्णविरामांनी त्यांना विचारलं, "माझ्या नावाचं वरून काही आलं का?"

"नाही, साहेब."

बुधवारीही विचारलं. रोज विचारलं. तीस तारखेलाही काही आलेलं नव्हतं.

एक तारखेला सुतार आला, त्याने 'शंका' ही पाटी उतरवली आणि खिडकीला फळी ठोकली. हिशेबातले तीन वाजता येऊन फळीसमोर पाच मिनिटं उभे राहिले. पूर्णविराम पुठ्ठ्याची पट्टी आणि लाल पेन घेऊन गोदामात गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकशे चाळीस खोक्यांवर तीन शब्द छापले. चूक एकही नव्हती. त्यांनी एकेक खोकं खालून वर तपासलं.

बारा तारखेला मोठे साहेब दौऱ्यावरून आले. केबिनमध्ये टेबलावर त्यांचंच पत्र पडलं होतं. नऊ लाल गोल, एक लाल शिक्का आणि खाली शेरा: लिहिणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते कळत नाही. नीट विचार करून पुन्हा लिहावे.

साहेबांनी नीट विचार केला. पुन्हा लिहिलं नाही.